मोठी चाकं

१२ एप्रिल
उन्मेषने त्याच्या पाण्याच्या टँकरला मोठी चाकं बसवली. कॅम्प ५ मधल्या कुणा दुकानदाराने गळ्यात मारली आणि माझे धाकटे बंधुराज खूश. "ताई, गाडी कशी उंच दिसते बघ." स्वतःची उंची वाढत नाही, मग ट्रकची वाढवा.

१३ एप्रिल
माईने चाकांना हळदकुंकू लावलं. घरात अक्कल मला एकटीलाच दिली आहे.

१६ एप्रिल
काटा साठ दाखवतो, गाडी सहासष्टने पळते. हा म्हणतो, "इंजिन बघ किती शांत चाललंय. डिझेल वाचेल." शांत चालणारच! चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. सपाटीवर मजा. पण डोंगरातल्या पाड्याच्या चढावर, पहिल्या गिअरमध्ये, भरल्या टाकीसकट? इंजिन दमून बंद पडणार. मागच्या ॲक्सलची क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी गिअरची जोडी बदल, जास्त रेशोची टाक, म्हणजे इंजिन पुन्हा जोरात फिरेल — कंठशोष करून सांगितलं. मी मोरिवलीच्या कारखान्यात दिवसभर गिअरच बनवते, भाकऱ्या नाही थापत.
"चार दिवस गाडी उभी राहील, ताई. पाड्यावर पाणी कोण नेणार?"
आले मोठे समाजसेवक.

२३ एप्रिल
झालं. बारवीकडच्या, पाड्याच्या त्याच चढावर इंजिन बंद पडलं. हँडब्रेक धरेना. भरलेला टँकर उलटा घसरत आला आणि डोंगराच्या बाजूला आदळून आडवा झाला. उन्मेषचा पाय मांडीत मोडला. मी सांगितलं होतं, हे वाक्य दवाखान्यात तोंडात आलं होतं, गिळलं. माई होती.
घटना पाहणारा एक जण म्हणाला, "दार उघडं होतं. उडी मारायला वेळ होता." तेवढंही सुचलं नाही गाढवाला. स्टिअरिंग धरून बसला.

२४ एप्रिल
ऑपरेशन झालं. रॉड टाकलाय.

२५ एप्रिल
पाड्यावरच्या कौसाबाई एसटीने भेटायला आल्या. उन्मेष झोपला होता. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "उडी कशी मारंल, बाय? मागं आम्ही बायका व्हतो, हंडे घेऊन. एका बाजूला दरी. आम्हाला बघून त्यानं गाडी मुद्दाम डोंगराला घातली."
मला यातलं एक अक्षर बोलला नाही.