काटा मायनसवर

१५ ऑक्टो., मंगळ.
बॅटरी परत मेली. बाबांचा ट्रक, माझ्याहून वयाने मोठा, बालाघाटच्या धान बाजारात मधोमध आडवा. मागे ट्रॅक्टरवाले आईबहीण काढताहेत. एकाची कॉलर धरली. शेवटी चौघांनी ढकलून चालू केला. घरी येऊन बॉनेटवर बुक्की हाणली, बोटं सुजली. दसऱ्याला डायनमो उतरवून, तो इंजिनवर बसतो त्या ब्रॅकेटपर्यंत मीच लाल रंग मारला होता. एक कोपरा सोडला नव्हता. इतकं करूनही गाडीची ही थेरं!

१७ ऑक्टो.
मिस्त्रीने डायनमो काढून टेबलावर फिरवला. बल्ब जोडला तर लख्ख. करंट बॅटरीकडे सोडणारा कटआउट ठीक, बेल्ट ताठ, बॅटरी नवी. परत बसवला तर मीटरचा काटा मायनसवरच, म्हणजे बॅटरी भरत नाही, नुसती रिकामी होतेय. "डायनमो तो करंट बना रहा है भैया, जा कहाँ रहा है?" तुझ्या बापाच्या घरी, म्हटलं, आणि पाना फेकून मारला. त्याच्या कानाजवळून गेला. आता येणार नाही म्हणे. नको येऊ.

१९ ऑक्टो.
धाकटा भाऊ वसंता राजेगावहून आलाय. त्याला ट्रक भंगारात काढायचा आहे. मागल्या सोमवारीही आला होता, आणि मंगळवारी गाडी मेली. आत्ता ध्यानात येतंय. सुनंदाला सांगितलं तर बायको असून त्याचीच बाजू. "तुमचं डोकं फिरलं काय? भाऊ हाय तो." फिरलंय.

२० ऑक्टो., सकाळ
पकडला. बॉनेटखाली हात घालून उभा.
"काय करून राह्यला बे?"
"बेल्ट पाहून राह्यलो, दादा."
जॅक फिरवायची लोखंडी टामी हातात होती. मारली. एकदाच नाही. हाड वाळल्या बांबूसारखं वाजलं. तो ओरडला नाही, नुसतं दादा, दादा. सुनंदा मधे पडली, तिलाही ढकललं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२१ ऑक्टो.
वसंता गोंदियाच्या दवाखान्यात. उजवा हात दोन जागी मोडला. बोटं वळतील की नाही, सांगता येत नाही म्हणे. डॉक्टरला त्याने सांगितलं, ट्रकच्या फाळक्यावरून पडलो.
दुपारी त्याची बायको लता आली. अंगणात पडलेली टामी उचलली, डावा हेडलाइट फोडला, दुसरा घाव माझ्या खांद्यावर. टामी घेऊनच गेली.
सुनंदाने ताट आपटलं. "मलेही मारा आता, मीच उरली."

२३ ऑक्टो.
काल नवी चार्ज केलेली बॅटरी घालून खैरलांजीला जाऊन आलो. गाडीला माझ्याशिवाय कोणी शिवलं नाही. वसंता तिकडे पलंगावर.
सकाळी बॅटरी मेलेली.
मग...

२४ ऑक्टो.
ढकलून चालू केली. चिडून एक उघडी वायर डायनमोच्या अंगावर दाबली, दुसरं टोक बॅटरीच्या अर्थिंगवर. काटा धाडकन प्लसवर. वायर उचलली, मायनस. दाबली, प्लस.
ब्रॅकेट खोललं. बोल्टखाली, कडांना, सगळीकडे माझा लाल रंग. जाड, गुळगुळीत. डायनमोचं लोखंड इंजिनच्या लोखंडाला टेकतच नव्हतं, करंट फिरणार कसा? खरवडला. नख निघालं तरी खरवडत राहिलो.
वसंताला फोन लावला. उचलला नाही. सुनंदाला सांगितलं. तिने फक्त माझ्या हातांकडे पाहिलं.

२७ ऑक्टो., संध्याकाळ
राजेगाव. केबिनमध्ये बसून लिहितोय. निघताना सुनंदा म्हणाली, "हात जोडायले जा, ट्रक दाखवायले नोका जाऊ." तरी ट्रकच आणला. दुसरं काय दाखवू?
त्याच्या दारासमोर उभा आहे. एकच हेडलाइट. इंजिन चालू, काटा प्लसवर. इतका वेळ उतरायची हिंमत होत नव्हती.
वसंता ओट्यावर आलाय. उजवा हात गळ्यात, डाव्या हातात माझी टामी. लता मागे, त्याला अडवत नाही.
"उतर दादा, खाली."
उतरतो.