रुईफुली काठाचा मांडणा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तूच लागतेस. दिवाळीआधी आपण दोघी अंगण शेणानं सारवायचो, वर गेरूचा हात द्यायचो आणि खडीच्या मातीच्या पाण्यात भिजवलेल्या कापसातून बोटांनी पांढरी रेघ सोडायचो. तो माळव्याचा मांडणा. लग्न होऊन उज्जैनला आल्यावर तू शेजारणींकडून शिकलेला. पण त्याच्या कडेनं तुझ्या नऊवारीचा रुईफुली काठ घातला तो तूच. मी विचारलं होतं, हे मराठी की माळवी? मान वर न करता तू म्हणालीस, "आपलं आहे. बास."

मग मला बघायला पुण्याची मंडळी येणार असं ठरलं. मुलगा कम्प्युटरवाल्या नव्या विदेशी कंपनीत, बाबा सगळ्या गल्लीला सांगत सुटलेले. मी आदल्या दिवशी अख्खं अंगण भरून मांडणा काढला, एवढा मोठा पहिल्यांदाच. सकाळी तू मला फॉल लावायला दिलेली साडी आणायला फ्रीगंजच्या बाजारात पाठवलंस. परत येते तर अंगण धुतलेलं, आणि मधोमध टावर चौकातल्या दुकानातली, प्लास्टिकची चिकटवायची रांगोळी. लाल पाणी अजून नालीकडे वाहत होतं. बादली उचलताना तू एवढंच म्हणालीस की उगीच परेशान होऊ नकोस, पुन्हा काढता येईल.

चहाच्या वेळी मुलाच्या आईनं सहज विचारलं, इकडे बायका लाल-पांढरं काहीतरी काढतात ना, तुम्हीही काढता का? तू हसलीस.

"छे, ते इथल्या लोकांचं. आम्ही आपले मराठीच राहिलो."

मी ट्रे धरून उभी आहे. तुझ्या नखांत गेरू आहे. तू हात पदराखाली घेतेस.

त्यांचा होकार आला, मी नाही म्हटलं. बाबांनी खूप विचारलं, तू एकदाही नाही. त्यानंतर तू गेरू भिजवलाच नाहीस. मी एकटीच काढत राहिले, आधी अंगणात, मग कॅनव्हासवर. आता लोक ती चित्रं आपल्या बैठकीत लावतात. प्रदर्शनात कोणी ना कोणी विचारतंच, हा काठ कोणाकडून शिकलात?

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. मी त्यांना सांगते, कोणाकडूनही नाही. आणि तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.