धुऱ्यावर ये

१९ जाने., सोम.
संज्या पुण्याहून आला. बास गिटार, लॅपटॉप, वायरींचं गाठोडं. म्हणे, "बारा वर्षांनी आपला 'थ्री फेज' बँड पुन्हा सुरू! अल्बम काढू. नऊ गाणे, सारे हार्ड रॉक."
कॉलेजात आमी तिघं. मी ड्रमवर, संज्या बासवर, गजानन गाणं अन् गिटार. आता एकाचे केस गेले, एकाचं पोट सुटलं. माह्यं दोन्ही झालं.
म्हटलं, गजा माह्याशी सहा वर्षं बोलत नाही, तुले माहीत हाये. म्हणे, "बोलायचं कुठी हाये? वाजवायचं हाये."
मी रोज मोटरी वाइंडिंग करतो. एक फेज गेली का मोटर जळते. याले कोण सांगावं!

२० जाने., मंगळ.
मालेगावच्या बाहेर सोयाबीनचं रिकामं गोदाम भेटलं. भिंतींले गाद्या लावल्या. संज्याचं टायमिंग : सकाळी गजा, दुपारी मी. तोंड पाहायचं कामच नाही. हेडफोनात संज्या गजाचा सकाळचा आवाज लावते अन् मी ठोकतो. आवाज तसाच हाये लेकाचा, खरखरीत. लई मजा आली. खांदे दुखून राह्यले.

२२ जाने., गुरु.
कॉलेजातले पाठ असलेले आठ गाणे झाले. नववं मी लिहिलं.
किन्हीराजाले त्याचं अन् माह्यं वावर लागून, मधात एक धुरा, मातीचा बांध. सहा वर्षांमागं मी तुरीची धसकटं पेटवली, वारा फिरला, आग धुरा ओलांडून गेली अन् त्याच्या ढोरांच्या कुटाराची गंजी खाक. माफी मागाची सोडून मी म्हटलं, "वाऱ्याले मी धाडलं काय?" झालं! तवापासून बंद.
तोंडानं जमत नाही, म्हणून गाण्यात :
जळाचं ते जळून गेलं
धुऱ्यावर ये गड्या, धुऱ्यावर ये
कागद संज्याले देला. मोबाईलवर टाईप करून त्यानं गजाले धाडला.

२३ जाने., शुक्र.
गजा गोदामातून उठून गेला. गात नाही म्हणे.
संज्या सांगे, "लई भडकला. माह्यी गंजी जाळली अन् वरून म्हणते, धुरावर ये?"
म्हटलं, धूर कुठून आला? मोबाईल पाह्यला. 'जळाचं ते जळून गेलं, धुरावर ये.' जागोजागी तेच! अल्बमच्या कव्हरचं चित्रबी करून ठेवलं या शहाण्यानं. नुसता धूर.
"संज्या, वावरातलाच ना बे तू? धुरा समजत नाही?"
"मोबाईलनं आपोआप केलं रे."
सुनीता चहा घेऊन आली होती. हसून हसून बशी सांडली. म्हणे, "तुमचा वारा, याचा मोबाईल. तोंड काहून नाही वापरत तुमी?"
बायकोवर राग आला. खरं बोलली म्हणून जास्त.

२४ जाने., शनि.
सकाळी वावरात गेलो. गजा गव्हाले पाणी देत होता. संज्याकून कागद वापस घेतला होता, तो धरून धुऱ्यावर उभा राह्यलो. शेवटी बोंबललोच, "गजा! 'ऱ्या' राह्यला! धूर नाही, धुऱ्यावर!"
त्यानं फावडं टेकवलं. आला. कागद वाचला.
"अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यावानीच हाये तुह्यं."
सहा वर्षांनी पह्यलं वाक्य!
मग मी म्हटलं एकदाचं, "वारा नाही गजा. मीच चुकलो."
त्यानं कागद खिशात घातला, वळून दुसऱ्या वाफ्याले पाणी फोडलं. म्हणे, "पाणी चालू हाये. जाय."
माफ केलं का नाही, काही कळलं नाही. पण हलकं वाटलं, हे खरं.

२५ जाने., रवि.
दुपारी संज्याचा फोन. "गायला! आईक." फोन स्पीकरजवळ धरला. काय गायला राजेहो! माह्या डोळ्यांत पाणी. पण शेवटची ओळ त्यानं बदलली :
धुऱ्यावर कायले, धुरा ओलांडून ये
"तुले इचारलं नाही. चालते ना?" संज्या म्हणे.
म्हटलं, हे गाण्यासाठी हाये का मले हाये?
"तेच म्या इचारलं. गजा म्हणे, त्याले ठोकता येते, चालता येते का ते पाहू."
आता पाच वाजले. गजा अजून वावरातच असन, संज्या तिकडंच गेला. सुनीतानं तिळाचे लाडू डब्यात भरून दारात ठेवले अन् आत गेली. त्याच्या गव्हात पाणी सोडलेलं हाये, धुऱ्याच्या पलीकडं पिंडरीभर चिखल असन.
चप्पल हातातच घेतो.