संघमित्रा शाळेत गेली

४ जून, बुधवार
माळ्यावरून परात काढली, चिंचेने घासली. नीळ संपलीय, आणायची आहे. घरशाळेचा पहिला दिवस सोळाला, जि. प. शाळा उघडते त्याच दिवशी. आपल्याकडे काही कमी आहे असं पोरांना वाटू नये म्हणून मीच ते ठरवलं होतं. तिकडे नव्या मुलांची पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवतात. आपल्यात कुंकू नाही, म्हणून नीळ. पांढरं कापड एकच, दरवर्षी खाली नवी ओळ. मग खीर. मग प्रत्येकाचा वर्षाचा एक प्रश्न, ज्याचं उत्तर घरात कुणालाच माहीत नाही असा.
शेजारच्या राधाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, तुमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी तरी असती का वो?"
"पोरांना असते. मास्तरणीला नसते."
"मग पगार वाढवून मागा की साहेबाला!"
साहेब म्हणजे प्रकाश, माझा नवरा. बँकेत कारकून. त्याला सांगितलं तर नुसता हसला.
संघमित्रा सोनपेठला माझ्या आईवडिलांकडे आहे, दहाला येणार. तिचं नववीचं बीजगणित मीच आधी करून ठेवतेय. चौदाव्या वर्षी मी तिच्याइतकी हुशार नव्हते. सम्यक नऊ वर्षांचा, दिवसातून तीनदा विचारतो, दीदी कधी.

६ जून, शुक्रवार
दादांचा, माझ्या वडिलांचा, फोन. आधी उन्हाचं बोलले, मग मायच्या गुडघ्याचं. मला कळलं, काहीतरी आहे. हेडमास्तर होते, पण वाईट बातमी सरळ सांगणं त्यांना कधी जमलं नाही.
"पोरगी म्हणायलीय, हितंच राहते. हितल्या शाळंत जाते म्हणती. नववीला."
"तुम्ही तिला काही बोललात का?"
"एक शब्द न्हाई. तुझ्या घरशाळेवर चार वर्सं गप हाय मी. तूच इचार."
फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "आई, जेवलीस का?"
मी म्हटलं, हो.
मायच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मीच फोन ठेवला. विचारायला हवं होतं. का नाही विचारलं?
जेवले नव्हते.

७ जून, शनिवार
प्रकाशला आधीच माहीत होतं! बुद्धपौर्णिमेपासून.
"ती म्हणाली आईला मी सांगते. मी वाट बघत होतो."
"मला का नाही सांगता आलं तिला? मी काय मारलं असतं?"
भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "मारलं असतं तर बरं झालं असतं. भांडली असती. तू ऐकून घेतीस. लय ऐकून घेतीस. मग समोरच्याला पुढं बोलावंच वाटत नाही."
राग आला. राग आला म्हणजे खरं असणार. की हेही मी स्वतःला उगाच बोलतेय? भांडी घासताना एक कप फुटला.

८ जून, रविवार
नीट आठवायचा प्रयत्न करते. मला सोयीचं तेवढंच आठवतंय का, तेही बघायचं.
संघमित्रा पाचवीत होती. इथलीच, सेलूतली इंग्रजी शाळा, आम्ही दोघांनी मिळून निवडलेली. दिवाळीनंतर तिचा डबा भरलेला परत येऊ लागला. सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसेना. कारण तिला सांगता आलं नाही, मला विचारावं लागलं नाही. बाईंना भेटले. "मुलं आहेत, होतं असं. आपणच मनावर घेऊ नये." मी मनावर घेतलं. कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते, ते सोडलं. तिला काढलं. सम्यकला कुठे घातलंच नाही.
तेव्हा दादा सेलूला आले होते. चहा घेतला नाही.
"मला मास्तरनं उंबऱ्याभायेर बसवलं. पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन बसायचो. भित्तीच्या भोकातून फळा बघायचो. पण उठून घरी आलो न्हाई. आन तू लेकराला हाताला धरून उठवून आणलीस."
मी म्हटलं होतं, तुम्ही सोसलंत म्हणून तिनंही सोसायचं का? ते उठले, चपला घातल्या. मला वाटलं, मी जिंकले.
तिला मी विचारलं होतं का? हो. "उद्यापासून घरीच शिकायचं का?" असं विचारलं होतं. दहा वर्षांची पोर याला हो नाही तर काय म्हणणार. याला विचारणं म्हणत नाहीत.

१० जून, मंगळवार
पहिला दिवस सोळाऐवजी तेराला करायचं ठरवलं, म्हणजे संघमित्राला येता येईल. फोनवर सांगितलं. "येते," म्हणाली. लगेच म्हणाली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.
प्र.: "तिला कशाला ओढतीस त्यात?"
"सम्यकसाठी."
खोटं. सम्यकने मागितलं नव्हतं.
दादांनी तिचा दाखला जुन्या शाळेतून नेलाय म्हणे. म्हणजे ते सेलूला येऊन गेले आणि घरी आले नाहीत. ओळखीच्या कुणी सांगितलं, स्टँडवर उसाचा रस पीत उभे होते.

१३ जून, शुक्रवार
झाला पहिला दिवस.
संघमित्रा सकाळच्या गाडीने आली. केस दोन वेण्यांत, वर बांधलेले. मायने शाळेसाठी सवय लावलीय. सम्यक तिच्या पाठीवरच चढला. मी नेहमीचंच बोलले, गाडीत जागा मिळाली का वगैरे.
मेणबत्ती, वंदना. परातीत नीळ कालवली. सम्यकने आधी पाय उमटवला, दोनदा, कारण पहिला फिसकटला. मग ती. तिचं पाऊल आता माझ्याएवढं. आधीच्या ओळींकडे वाकून बघत होती. "हे माझं? एवढुसं?" हसली. मला वाटलं, आता म्हणेल, आई, नाही जात मी. किती वेळ तसंच वाटत राहिलं.
खीर खाल्ली, वाटी पुन्हा पुढे केली. मग प्रश्न.
मागच्या सालचे प्रश्न अजून भिंतीवर आहेत. जिनिंगमधून सरकी कुठे जाते, हा तिचा. त्यापायी चार ठिकाणी हिंडलो, तेलाच्या घाण्यावर दिवस घालवला. उन्हाळ्यात गोदावरीतले मासे कुठे जातात, हा सम्यकचा. त्याचं उत्तर अजून पुरतं नाही मिळालं.
यंदा सम्यक म्हणाला, "माझा नाही आला अजून. नंतर सांगतो."
ती थोडा विचार करून म्हणाली, "पानं हिरवीच का असतात?"
वनस्पतिशास्त्राच्या बाईला विचारलेला प्रश्न. दोन वर्षांपूर्वी तिनेच त्यावर चित्रं काढली होती. तिला उत्तर येतं. मला येतं हेही तिला माहीत. पोट भरलेल्या पाहुण्याने मान राखायला एक घास घ्यावा, तसा तिने मला एक सोपा प्रश्न दिला. मी भिंतीवर लिहिला. अक्षर चांगलं आलं.
संध्याकाळी मोरीत बराच वेळ पाण्याचा आवाज. बघते तर ती दगडाने टाच घासत होती. नीळ जाईना. यंदा नवी बाटली आणली, भलतीच गडद निघाली.
"काय झालं गं?"
"काही नाही. सोमवारी सँडल घालायचेत. मोजे नंतर मिळणारेत."
"दिसत नाही एवढं."
"दिसतं, आई. पोरी विचारतील हे काय. मग मी काय सांगू?"
मी खाली बसले. तिचा पाय मांडीवर घेतला. खोबरेल लावलं, लिंबू लावलं, मग दगड. ज्या पायाला सकाळी मीच रंग लावला. कुणी तिला बाजूला बसवू नये म्हणून घरी आणली, आणि आता पहिल्याच दिवशी पोरी तिच्याकडे बघतील ते माझ्यामुळे. घासत राहिले.
"राहू दे, आई. दुखायलंय."
टाचेच्या कडेला राहिलाच थोडा रंग.

१४ जून, शनिवार
तिला स्टँडवर सोडलं. पाथरीपर्यंतची गाडी उशिरा आली, म्हणून बोलायला वेळ मिळाला. नसता मिळाला तर बरं होतं.
मी म्हटलं, "मला आधी सांगायचंस."
"तू नाही म्हणाली नसतीस. पण तुझा चेहरा बघून मीच नाही म्हटलं असतं. मग वर्ष गेलं असतं. मागच्या वर्षी गेलं तसं."
म्हणजे मागच्या वर्षीही!
"तिथंही कुणी डबा बाजूला केला तर?"
"केला तर केला. मी बघून घेईन. तेव्हा मला बघायचं होतं, आई. मी नव्हते पळाले. तू घेऊन आलीस."
गाडी आली. चढताना पायरीवर थांबून म्हणाली, "खीर छान झाली होती." मग गर्दीने तिला आत ढकललं. खिडकी मिळाली की नाही, कळलं नाही.
घरी येऊन सम्यकला तेराचा पाढा म्हणायला लावला. बिचारा म्हणत राहिला.

१६ जून, सोमवार
सकाळी जि. प. शाळेची मिरवणूक. ट्रॅक्टर सजवलेला, फुगे, हलगी, पहिलीची पोरं ट्रॉलीत टोप्या घालून. दरवर्षी त्या वेळेला आमच्या घरात आमचंच चालू असायचं, पोरांना बाहेर बघायला सवड नसायची. यंदा आमचं आधीच उरकलेलं. सम्यक फाटकावर चढून बसला.
शिंदे गुरुजी ट्रॅक्टरच्या पुढे चालत होते. थांबले. "काय सम्यकराव, येता का? फुगा देतो."
"फुगा नको. हलगी वाजवू देता का?"
सगळे हसले. गुरुजींनी खरंच त्याला दोन ठोके मारू दिले. तो परत फाटकावर येऊन बसला. ट्रॅक्टर वळेपर्यंत. वळल्यावरसुद्धा.
संध्याकाळी संघमित्राचा फोन. धापा टाकत बोलत होती. वर्ग केवढा, बाक केवढे, इंग्रजीचे सर "लय फास्ट". गणितात तिला सगळं आलं, सर म्हणाले, कुठल्या शाळेतून आलीस?
"मग काय सांगितलंस?"
"सांगितलं, सेलूहून."
डब्याचं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, शेजारच्या मुलीने तिचं लोणचं संपवलं. पायाचं दोघींनीही काढलं नाही.
मग दादांनी फोन घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज मऊ. "पाया पक्का हाय पोरीचा. तू केलास. मी शाळंच्या फाटकापतुर गेलो सोडायला. आत गेली, मागं वळून बघितली न्हाई." आणि मग रडायला लागले. माझे वडील. मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. ते आनंदाने रडत होते, मी नाही.

१७ जून, मंगळवार
सम्यकबरोबर माशांचाच जुना प्रश्न. उगाच. त्याचं लक्ष नाही, माझंही. दुपारी दोघंही झोपलो. घरशाळेत दुपारी झोपायचं नाही, हा माझाच नियम.
तिची भूगोलाची पुस्तकं बांधून ठेवली. परत सोडली. सम्यकला लागतील पुढे, असं स्वतःला सांगितलं.

१९ जून, गुरुवार
शिंदे गुरुजी आले, दाराशी, हातात सर्वेक्षणाचे कागद. घरोघर फिरून शाळेत न जाणारी मुलं लिहून घ्यायची असतात. मागची सालं बाहेरूनच म्हणून जायचे, "तुमचं माहीत हाय ताई," आणि पुढच्या घरी. या वेळी बसले. पाणी घेतलं.
"वरून लय विचारायलेत. रकाना एकच हाय, शाळाबाह्य. तुमच्या पोराला ते लिहायला माझा हात होत न्हाई. वीटभट्टीवरच्या लेकरांसंगं तुमचं नाव."
मी म्हटलं, वीटभट्टीवरच्या लेकरांसंगं नाव असायची मला लाज नाही, गुरुजी.
"ते न्हाई म्हणलो मी." खरंच, ते तसं म्हणाले नव्हते. मी शब्दात धरलं. माफी मागायला हवी होती.
"रविवारी येतो. तवर बघा. येणार असंल तर वयानुसार चौथीत घेतो, दाखला बिखला काही लागत न्हाई."
सम्यक दाराच्या फळीमागे उभा राहून सगळं ऐकत होता. गुरुजी गेल्यावर स्वयंपाकघरात आला.
"शाळाबाह्य म्हणजे मी ना?"
"तो एक शब्द आहे."
"दीदी पण होती?"
"हो."
"आता नाहीये."
"आता नाही."
पोळी लाटायची थांबले. तो ओट्याला टेकून उभा. मग म्हणाला, "तिकडची शाळा सुटल्यावर आपली भरल का?"
"भरेल की." लगेच म्हणाले. एवढ्या लगेच म्हणाले की तो जातो असं माझं मीच ठरवून टाकलं. की मला तो नाही गेला तर बरं असं वाटतंय, आणि ते झाकायला घाई केली? तपासून बघते, कळत नाही. विचारायला म्हणून विचारलं, "तुला जायचंय का?"
"मला काय माहीत. मी कुठं गेलोय कधी?"
नऊ वर्षांचा आहे आणि बरोबर बोलला.
प्र. ला फोन केला. म्हणाला, तुम्ही दोघं ठरवा. मग म्हणाला, नाही, थांब, मी आल्यावर तिघं ठरवू. मग म्हणाला, सोनपेठला विचारू, चौघं.
आता उन्हं उतरलीत. सम्यक दीदीची जुनी पिशवी खांद्याला लावून अंगणात चालून बघतोय. फाटकापर्यंत जातो, तिथे थांबतो, परत येतो. मी ओसरीवर बसून हे लिहितेय. हाक मारावी असं वाटतं. पण जा म्हणून की ये म्हणून, ते ठरत नाही, तोवर लिहीत राहते.