शून्य नंबरचं माकड

प्रिय गिलांग,

पाकिटावरचं अक्षर बघून फेकून देऊ नकोस रे. आधी वाच, मग काय बोलायचं ते बोल.

इथे बोगोरात, माकडांच्या संशोधन केंद्रात, सगळं तसंच आहे. दुपार झाली की आभाळ गडगडतं. माकडं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसतात. त्या दिवशीही तशीच बसली होती, आणि तुझे बाबा त्यांचे पडदे ओढायला बाहेर धावले. वीज पडली ती बाबांवरच. तुला हे ठाऊक आहे. मला मात्र रोज दुपारी नव्यानं कळतं.

सध्या कामाची घाई आहे. निरोगी माकडाचं हृदय केवढं, त्याची भिंत किती जाड, ठोके किती, ही मापं पक्की करायची आहेत. नाहीतर आजारी माकड ताडून बघायचं कशाशी? गेल्या आठवड्यात नवीन डॉक्टरीणबाई, रत्री, जुन्या सोनोग्राफी यंत्रातली चित्रं तपासत होती, ती मला हाक मारत ओरडलीच. 'बू इमास, इकडे या! हे माकड आहे की म्हैस? एवढं मोठं हृदय, आणि ठोके किती सावकाश! आजारीच असणार, काढून टाकते.' मी चष्मा लावला. नंबर होता शून्य. मी तिचा हात धरला.

तुला आमची रीत कुठून ठाऊक असणार! माकडाला भुलीचं इंजेक्शन दिलं की हाताशी वेळ थोडा असतो. म्हणून यंत्र नीट चालतंय ना, ते सकाळी आधी माणसावर बघून घ्यायचं. तो माणूस कायम तुझे बाबा. माकडांच्या टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन आडवे व्हायचे, गार जेल लागलं की माकडासारखे चीत्कारायचे. 'नीट बघ गं, आत तूच बसलेली दिसशील,' म्हणायचे. मी म्हणायचे, 'गप्प पडा, चित्र हलतंय!' नंबर दिल्याशिवाय यंत्र चालत नाही, म्हणून त्यांनी स्वतःला शून्य नंबर घेतला होता. संध्याकाळी ते चित्र पुसायचं कामही त्यांचंच. त्या दिवशीची संध्याकाळ त्यांना मिळाली नाही.

काल सगळे जेवायला गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ते चित्र लावलं. आवाज मोठा केला. गिलांग, ते चालतंय रे! उघडझाप, उघडझाप, काही झालंच नाही असं. मध्येच सगळं चित्र गदागदा हलतं. मी बघतच राहिले, मग उमगलं, ते हसताहेत. मीच ओरडले असणार त्यांच्यावर. आता घरी सोयाबीनचे टेंपे तळताना, भांडी घासताना तोच आवाज कानात असतो. दार वाजलं असं वाटून उठून जाते, बाहेर कुणी नसतं. भीती वाटते, आणि तो थांबू नये असंही वाटतं.

रत्रीला सांगितलं तेव्हा पोर रडली. पण जुनं यंत्र शनिवारी मोडीत जाणार, आणि त्यातली चित्रं दुसरीकडे उघडत नाहीत. तिनं खूप खटपट केली.

तू दूर मकास्सर बंदरात जहाजावरून उतरून इथे धावत आलास, तेव्हा कबरीची माती ओली होती. 'एक रात्र थांबता आलं नाही तुम्हांला?' म्हणालास, आणि त्यानंतर माझ्या हातचं पाणीही प्यायला नाहीस. आपल्यात सूर्य मावळायच्या आत माती देतात, तुलाही माहीत होतं. पण बापाचं तोंड न दिसलेल्या पोराला रीत काय सांगायची? तेव्हा मला कुणालाच थांबवता आलं नाही. या वेळी मी रत्रीचा हात धरून थांबवलंय, शनिवारपर्यंत. ये. डोळे भरून बघ. मग पुसायचं बटण तूच दाब, माझ्यानं ते व्हायचं नाही.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
आई