वाचतं बोट

४ ऑगस्ट

नखुरडं! आणि तेही नेमकं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. दुसऱ्या कुठल्या बोटाला झालं असतं तर एवढा धसका घेतला नसता. डोळसांना वाचायला दोन डोळे असतात, मला हे एकच बोट आहे.

डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, पट्टी बांधली. हे कशाने झालं, म्हणाले. मी म्हटलं, कागद लागला. मग त्यांनी माझी बाही वर सारली आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. माणूस असा गप्प झाला की तो काय बघतोय हे मला बरोबर कळतं. कोपरापासून खांद्यापर्यंत खपल्या — काही सुकलेल्या, काही कालच्या.

"कागद फारच जोरात लागलेला दिसतोय," म्हणाले.

नंतर सरळ सांगितलं. या बोटाचं टोक असंच खुडून पुन्हा चिघळलं तर तिथली कातडी जाड होईल, मग ठिपके कळणार नाहीत. स्वतःची कातडी अशी खुडत राहणं हा आजार असतो, तो बरा करणारी माणसं असतात. एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

आई सोबत होती. घरी आल्यावर दार लावताना म्हणाली, "एवढ्याशा चाळ्यासाठी डोक्याचा डॉक्टर!"

५ ऑगस्ट

ठिपके पाडायचा टोचा डाव्या हातात धरून लिहितेय. ठिपके सगळे वेडेवाकडे. घरात ब्रेल कुणाला येत नाही ते बरंय, नाहीतर अक्षरावरूनही बोलणी बसली असती.

७ ऑगस्ट

ब्रेल छापखान्यात कामावर गेले. डाव्या बोटाने प्रूफं तपासतेय. गोगलगाय माझ्यापेक्षा लवकर पोचेल.

रेडिओ — माझ्या जोडीदाराला सगळे असंच म्हणतात — बिचारा माझ्यासाठी सावकाश वाचत होता. मूळ पुस्तक तो मोठ्याने वाचतो, मी ब्रेल प्रूफावरून बोट फिरवत ताडून बघते, असं आमचं जोडीचं काम. दिवसभर स्वल्पविराम-पूर्णविरामासकट वाचून त्याला साधं बोलताच येत नाही. आजही आल्या आल्या, "बोट कसं आहे प्रश्नचिन्ह." हसले.

मग हळूच म्हणाला, आणि यावेळी विरामचिन्हांशिवाय — याआधीही प्रूफांवर रक्त असायचं. मी पुसून टाकायचो.

मला दिसत नाही म्हणून कुणालाच दिसत नाही, असं मी आजवर धरून चालले होते की काय? उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालून, कुणाला काही कळत नाही म्हणून खूश! शरमेने कान तापले. दुपारी डबा खायला सगळ्यांत बसले नाही.

१० ऑगस्ट

समुपदेशक बाई. आवाज जाड, हसणं मोकळं. पहिला उपाय सांगितला तो हातमोज्यांचा. घरात असताना घालून बसा, म्हणजे नख लागणार नाही.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बसाल का घरात?"

बाईंना राग नाही आला. "नाही बसणार," म्हणाल्या. "चुकलं माझं. दुसरं काहीतरी शोधू."

चूक लगेच मान्य करणारी माणसं मला आवडतात. पुढच्या सोमवारी जाणार.

११ ऑगस्ट

आई दिवसभर एकच शब्द. "हात!" कावळा हाकलल्यासारखा. तेवढ्यापुरता हात खाली येतो, मग पुन्हा चढतो. तिच्या ओरडण्याने तो थांबला असता तर माझ्या लहानपणीच थांबला असता.

१४ ऑगस्ट

घोटाळा केला. मोठा.

जास्तीचा ठिपका सापडला की मी तो प्रूफावरच नखाने दाबून सपाट करते. मग पत्र्याचा कारागीर तेच बघून छपाईच्या पत्र्यावरचा ठिपका ठोकून सपाट करतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. आता ल म्हणजे एकाखाली एक तीन ठिपके. त्यातला मधला काढला की उरतो क. मी तो मधला दाबला! 'लाल दिवा लागला की थांबा' हे वाक्य झालं 'काल दिवा लागला की थांबा'. घाईत दुसरी तपासणी राहिली, आणि तो सगळा गठ्ठा छापून बसला.

रेडिओ म्हणाला, आजचा दिवा लागला तर मग जावं का. कुणी हसलं नाही.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला दिली. महिनाअखेरीपर्यंत वाट बघतो, म्हणाले, तोवर बोट कामाला आलं नाही तर तुम्ही टेलिफोनवर बसा. पगार तोच राहील.

मला फोन उचलायचा नाही. मला वाचायचं आहे. लहानपणी 'बाहेर जाऊ नको, पडशील' ऐकत घरात बसून असायचे, तेव्हा या बोटाने मला सगळं जग आणून दिलं. ते मी माझ्याच नखाने घालवणार? नाही घालवणार. ठरलं.

१७ ऑगस्ट

बाईंना लाल-कालचा किस्सा हसण्यावारी सांगितला. त्या हसल्याही. मग विचारलं, तो ठिपका बरोबर होता हे बोटाला कळलं नव्हतं का?

कळलं होतं. खरं तर कळलं होतं.

"मग दाबलात कशाला?"

"राहवलं नाही."

म्हटलं आणि माझी मीच ऐकत राहिले. हेच उत्तर मी हाताच्या खपल्यांबद्दलही देते. तेच बोट, तेच नख. दिवसभर उंचवटा शोधायचा आणि सपाट करायचा. घरी आले की दंडावर तेच काम, बिनपगारी! फोड नाही तर पुटकुळी, ती नाही तर कालची खपली. बोटाला कुठेही काही लागलं की ते जास्तीचंच वाटतं. राग आलेला असतो म्हणून मी करते असं आई म्हणते. राग नसतोच मुळी. तेव्हा इतकं शांत वाटतं की काय सांगू. नंतर वाटते ती लाज.

उपाय ठरला. हात वर चढला की दोन्ही मुठी आवळायच्या, मांडीवर ठेवायच्या आणि थांबायचं. ओढ चढते तशीच उतरतेही, बाई म्हणतात. उतरली की मग हाताला काहीतरी वाचायला द्यायचं.

१९ ऑगस्ट

उतरते! खरंच उतरते!

२० ऑगस्ट

आज नाही जमलं. खांद्यावरची मोठी खपली मुळापासून काढली. रक्त मानेपर्यंत आलं. लिहून ठेवतेय, रडत बसणार नाही.

२३ ऑगस्ट

शत्रूचा ठावठिकाणा लागला. न्हाणीघर! ओल्या कातडीवर बारीकसुद्धा कण ठळक लागतो, दार बंद, आईचं "हात!" आत पोचत नाही. तिथे माझा अर्धा-अर्धा तास जातो. आजपासून एका हातात तांब्या, दुसऱ्यात साबण, रिकामा हात ठेवायचाच नाही. एकदा साबण निसटला आणि शोधण्यात जीव मेटाकुटीला आला, पण दंड वाचला. नखंही कानशीने पार घासून टाकलीत. आता संत्रंसुद्धा सोलता येत नाही. रेडिओ सोलून देतो आणि सगळ्या छापखान्याला ऐकवतो.

२४ ऑगस्ट

बाईंनी विचारलं, घरी कोण असतं? म्हटलं, मी आणि आई. त्यांना एकदा घेऊन या, म्हणाल्या.

आईला सांगितलं तर भांडी आपटायला लागली. "माझं काय काम तिथे? आम्हाला नव्हते असले चोचले." मीही तोंड सोडलं. तुला काय कळणार, म्हटलं. हात आवरत नाही म्हणजे काय, ते तुला या जन्मात कळायचं नाही. ती भांडी तशीच टाकून आत गेली. एरवी मला शेवटचा शब्द कधी मिळत नाही.

२८ ऑगस्ट

पट्टी निघाली. नवी कातडी गुळगुळीत आहे, परक्या माणसाची वाटते. घरी येऊन जुनं पुस्तक काढलं. ठिपके लागले, पण जाड कापडाखालून लागावेत तसे. परत पहिल्या ओळीवर गेले, परत वाचली. मग पान. मग तेच पान उलट, खालून वर. झोपेपर्यंत वाचत होते आणि हात दंडाकडे गेला नाही. त्याला वेळच मिळाला नाही.

३१ ऑगस्ट

परीक्षा. साहेब शेजारी बसले, रेडिओ वाचायला. बोट सुरुवातीला अडखळलं, मग रुळलं. पान संपत आलं तेव्हा एक ठिपका लागला — जास्तीचा, अगदी खराखुरा. नख तिकडे वळलंच. मी बोट उचललं, हात मांडीवर ठेवला, आणि तोंडाने सांगितलं. ओळ सांगितली, अक्षर सांगितलं. रेडिओने खूण केली.

साहेबांनी विचारलं, आता दाबत नाही का?

"नाही. आता मी फक्त वाचते. दुरुस्ती त्याच्याकडे."

साहेब म्हणाले, फोनवर दुसरं कुणी बघतो. ते गेल्यावर रेडिओ म्हणाला, "उद्गारचिन्ह." आणि नाक शिंकरलं.

३ सप्टेंबर

बरी झाले असं नाही. मानेवर नवीन खपली आहे. पण ती माझी आहे, चूक नाही, आणि तिला राहू देणार. आज अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज घालून गेले. वारा लागला दंडाला! केवढी मजा असते ही.

६ सप्टेंबर

संध्याकाळी बाहेर निघालो आणि जिन्यात वीज गेली. आई जागच्या जागी थिजली. मला काय, मला जिना पाठ. एरवी ती मला कोपर देते, मी धरते आणि चालते. हात ती कधीच देत नाही. आज अंधाराला घाबरून तिने माझा हात घट्ट पकडला.

माझं बोट तिच्या अंगठ्यावर पडलं. नखाच्या दोन्ही कडा सोललेल्या. खाली कातडी जाड, खडबडीत, वर्षानुवर्षांची. एक जागा ओली.

मी हात सोडला नाही. पुढची पायरी सांगितली. मग म्हटलं, "उद्या सोमवार आहे."

बऱ्याच पायऱ्या उतरल्यावर आई म्हणाली, "किती वाजता?"