हर्षलाचे दोन फोटो

प्रिय हर्षला,

सप्रेम जय भीम.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सेटवर होते. तू लग्नाची तारीख सांगितलीस, नेरळचा हॉल सांगितलास. अक्षय म्हणतो मेकअप वगैरे काही नको, पण काजळ मात्र मला तुझ्याच हातचं हवं, असंही म्हणालीस. मी 'हो गं, नक्की' म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून कामात लक्ष नाही. जे सांगायचंय ते फोनवर माझ्याच्याने झालं नसतं. तू हसली असतीस आणि मी विषय बदलला असता, गेली सहा वर्षं बदलत आले तसा. म्हणून कागद घेतलाय.

पोशीरला जयंतीच्या नाटकाच्या वेळी विहारामागच्या खोलीत श्रीपतकाका रंगपेटी उघडून बसायचे, आठवतं? तुझा नंबर पहिला. तेव्हा कोडाचे दोनच डाग होते, एक ओठाच्या कडेला, एक डाव्या डोळ्याखाली. काका ओल्या स्पंजने पॅनकेक लावता लावता मला जवळ बोलवायचे आणि सांगायचे, की नुसत्या डागावर थापायचं नाही, आजूबाजूचा रंग हळूहळू त्याच्यापर्यंत न्यायचा. माझं आजचं सगळं काम मी तिथे शिकले, तुझ्या चेहऱ्यावर. तू स्टेजवर गेलीस की मागे बसलेल्या बायकाही बोलायच्या थांबायच्या. मग डाग कपाळावर आले, हनुवटीवर आले आणि एका वर्षी तू म्हणालीस, यंदा मी काम करत नाही. तुझी भूमिका दुसरीला दिली. तिला मी रंगवलं आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास.

पळसदरीच्या प्रीतमचं स्थळ आलं तेव्हा मी दादरचा मेकअपचा कोर्स संपवून नुकतीच घरी आले होते. तुझ्या बाबांनी हट्ट धरला आणि बघायच्या दिवशी मी तुझे सगळे डाग घालवले. तुला ते पटलं नव्हतं. रंगवताना तू मला म्हणालीस, की आज बाबांचं ऐकते, पण साखरपुड्याआधी त्याला एकट्याला भेटणार, तोंड धुऊन त्याच्यासमोर बसणार आणि स्वतः सांगणार. त्याच दिवशी मी तुझे दोन फोटो काढले, एक नुसत्या चेहऱ्याचा आणि एक नंतरचा. माझ्या सरावासाठी म्हणून. तू म्हणालीस, 'कुणाला दाखवू नको गं.' मी तुझ्या गळ्याची शपथ घेतली.

ते फोटो मी दाखवले, हर्षला.

खालापूरच्या सेटवर मेकअपचं सगळं बघणाऱ्या मुनव्वरभाईंकडे काम मागायला गेले होते. त्यांच्या मालिकेतल्या एका नटीच्या मानेवर भाजल्याचा व्रण होता. त्यांनी विचारलं, असं काही झाकायचं काम केलंय का? माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. खरं सांगायचं तर मी दुसरं काही शोधलंही नाही. त्यांनी फोटो मागितले, मी पाठवले. त्यांनी तिथल्या तिथे मला उद्यापासून ये म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी तुझ्याकडे पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा तुला भरवला.

मुनव्वरभाईंनी ते फोटो कौतुकाने मेकअपवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. तिथून कुणीतरी त्यांचा व्हिडिओ केला, आधी आणि नंतर, खाली गाणं लावून. मला दिसला तोवर तीन दिवस झाले होते. मी रडत भाईंकडे गेले, त्यांनी धडपड करून तो काढायला लावला. 'मला वाटलं मॉडेल आहे, तू सांगायचं होतंस,' एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात पळसदरीहून निरोप आला, की मुलीचा खरा चेहरा आम्हाला कळलाय, आता पुढे नको. कसा कळला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी तो व्हिडिओ पाहिलेला नव्हता.

तू तोंड धुऊन त्याच्यासमोर बसणार होतीस. तो हो म्हणाला असता की नाही, कुणास ठाऊक. पण ते तुझ्या तोंडून जायला हवं होतं. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं.

आणि तरी हे सगळ्यात वाईट नाही. तू त्या दिवशी ओट्यावर बसली होतीस. जनाकाकीचं माहेर पळसदरीचं, तेव्हा तिनेच सांगितलं असणार, असं घरात ठरलं होतं. तू माझ्याकडे बघून विचारलंस, 'काकीच असेल ना गं?' आणि मी म्हणाले, 'असेल.' एवढा एकच शब्द. त्याच्यावर तुमच्या दोन घरांचं बोलणं बंद झालं. सख्ख्या चुलतीच्या हातचं पाणी तू सहा वर्षं प्यायली नाहीस.

गेल्या महिन्यात सेटवर बाजाराचा प्रसंग होता. गर्दीसाठी गावागावांतून टेंपोने बायका आणल्या होत्या. रांगेतली एक बाई माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसली आणि बघते तर जनाकाकी. मला तिच्या चेहऱ्यावर धूळ आणि थकवा दाखवायचा होता. फारसं काही करावं लागलं नाही. डोळे मिटून ती म्हणाली, 'हर्षला कशी हाय गं?' मी म्हटलं, बरी आहे, नेरळच्या लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. ती म्हणाली, 'मी नाय सांगितलं गं कुणाला. तू सांग तिला. तुझं आयकते ती.' माझा हात तिच्या गालावर होता. मी म्हणाले, 'काकी, हलू नका.' आणि पुढच्या बाईला बोलावलं.

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, की जनाकाकीला पत्रिका द्यायची नाही, बाकी सगळं गाव बोलावू. त्या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. काल सकाळी मी पोशीरला जाऊन काकीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं शिव्या देईल, तर म्हणाली, 'मला सांगून काय उपेग? तिला सांग.' मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. बरोबरच केलं. तू क्षमा कर असं मी लिहिणार नाही, तो अधिकार मी पेढा भरवला त्या दिवशीच घालवला. माझ्याशी बोलू नकोस, लग्नाला बोलावू नकोस, अक्षयला हे पत्र दाखव, सगळं चालेल. पण पत्रिका घेऊन तू स्वतः काकीच्या दारात जा. तिने काही केलेलं नाही.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी
स्नेहल